रक्त नसलेलं हृदय

पुण्याच्या एका संस्थेत मी संगणकावर हृदयं चालवते. ठोका पडतो तो विजेमुळे. ती बारीकशी वीज पेशीपेशीतून कशी सरकते, कुठे अडते, ठोके कशामुळे चुकतात, याची गणितं मांडायची आणि पडद्यावर ती लाट पळताना बघायची, हे माझं काम. आसेगावच्या बाजूला आमचा भाजीचा मळा आहे. तिथे हे काम समजावताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी आईनेच 'काम्पुटरवर दिलाची बिमारी पाह्यते' असं ठरवून टाकलं आणि गावभर तेच झालं.

त्यामुळे बाबांचेच ठोके चुकायला लागले तेव्हा घरात कुणी फारसं घाबरलं नाही. घरातच जाणकार होती ना. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी सकाळ-संध्याकाळ, एकही न चुकवता. मी दर रविवारी फोनवर विचारायचे, "बाबा, गोळ्या घेऊन राह्यले ना तुमी?"

"घेऊन राह्यलो, माय. तू फिकर नको करू."

गेल्या हिवाळ्यात मी लॅपटॉप घेऊन घरी गेले. खरं सांगायचं तर मिरवायला. बाबा वाफ्याच्या कडेला पालकाच्या जुड्या केळीच्या सोपटाने बांधत बसले होते. मी त्यांच्यापुढे एक आजारी हृदय चालू केलं. लाल लाट निघाली, मेलेल्या पेशींच्या डागापाशी अडली, वळसा घालून आपल्याच वाटेवर परत आली आणि तिथेच गोल फिरत राहिली.

"हे तं दांडाचं पानी ढेकळाले अडून मांगं फिरल्यावानी झालं," वाफ्यांना पाणी नेणाऱ्या पाटाकडे बोट करून बाबा म्हणाले. संस्थेत नवीन येणाऱ्या मुलांना एवढं कळायला महिना लागतो. मला बाबांचा फार अभिमान वाटला.

मग बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "पन माय, याच्यात रगत कुठी हाय?"

मी हसले. चांगली खळखळून हसले. "बाबा, याच्यात रगत नसते. हे फक्त करंटचं हाय."

"असं," ते म्हणाले. डाव्या हाताच्या बोटाला बांधलेली चिंधी दातांनी आवळून ते पुन्हा जुड्यांकडे वळले. चिंधी मी पाहिली होती. भाजी कापणाऱ्याच्या बोटाला चिंधी असायचीच, त्यात काय विचारायचं, असं मला वाटलं.

होळीच्या आधी, एका बाजाराच्या दिवशी सकाळी, जुड्यांचा भारा उचलता उचलता बाबा वाफ्यातच खाली बसले. त्यांना उठता येईना. हृदयातली गुठळी मेंदूत जाऊन अडकली होती. उजवा हात गेला, वाचा गेली. मी पुण्याहून दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित होत्या का? मी ठासून सांगितलं, "हो, रोज." आई शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली.

घरी आल्यावर ती बोलली. "बाजाराच्या आदल्या दिशी नव्हते घेत ते. बाजाराच्या दिशी बी नाही."

गोळी पोटात असली की विळ्याचं साधं खरचटणंही थांबता थांबत नसे. कापणी-बांधणी बाजाराच्या आदल्या दिवसापासूनच चालायची, आणि ते रक्त जुड्यांना लागायचं. डाग पडलेला पालक गिऱ्हाईक हातात धरत नाही आणि कापलेला पालक धुतला की दुपारपर्यंत सडायला लागतो. म्हणून बाबांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. आठवड्याचे बाजार दोन, म्हणजे सातातले चार दिवस ते गोळीशिवाय होते. बाकीचे तीन दिवस घेत होते, आणि फोनवर तेच सांगत होते.

"मंग मले काहून नाही सांगितलं?" माझा आवाज चढला.

"ते सांगनार होते. त्या दिशी त्याईनं इचारलं ना तुले, रगत कुठी हाय. तू हासली."

आधी मला बाबांचाच राग आला. मग स्वतःची जी चीड आली ती अजून गेलेली नाही. रक्त धरलं तर गणितं आवाक्याबाहेर जातात, म्हणून आम्ही ते वगळतो. आमच्या कामात हे चालतं, आणि त्यात कुणालाच काही गैर वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

आता बाबांची एकही गोळी चुकत नाही. आई स्वतः त्यांच्या तोंडात घालते. विळा धरायला हातच उरलेला नाही, त्यामुळे कापण्याचंही भय नाही. मी गेले की खाटेपाशी बसते आणि विचारते, "बाबा, काई सांगाचं हाय का?" ते तोंड उघडतात. ओठ हलतात, शब्द येत नाही. मी त्यांचा हात धरून बसून राहते, ते तोंड मिटेपर्यंत.