रनवेवरचा पहिला चहा

सिनाईच्या वाळवंटातल्या त्या एअरबेसवर १९५७ साली मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा शिपाई म्हणून होतो. बेस बांधला इंग्रजांनी, पुढे वापरला इजिप्तने, मग लढाईत बॉम्बने फुटला. आम्ही पोचलो तेव्हा रनवेच्या दोन्ही बाजूंना पुरलेले सुरुंग, म्हणजे माइन्स, तेवढे शाबूत होते.

रनवेच्या टोकाला एक लाकडी क्रॉस होता. त्यावर नाव, हॅरी कोल. आमच्या पलटणीची रीत अशी, की ठाण्यावर जो पडला असेल, पहिला चहा त्याचा. देश बघायचा नाही. माझा जोडीदार दगडू साळवे रोज सकाळी चहाचा मग क्रॉसपाशी नेऊन ठेवायचा. संध्याकाळी तो रिकामा मिळायचा.

"साहेबाला चहा आवडतो," दगडू म्हणायचा. मी म्हणायचो, उन्हाने आटतो. पण तो रिकामा मग आणायला मी एकटा कधी गेलो नाही.

एका सकाळी वाळूचं वादळ उठलं. मी म्हटलं, "आज राहू दे."

"रीत ती रीत," म्हणून दगडू निघाला. मी मागोमाग. वाटेच्या खुणेचे पांढरे दगड वाळूखाली गेले होते. आम्ही भरकटलो. समोरून कुणीतरी इंग्रजीत ओरडलं, "स्स्स... स्स्टॉप!" वाऱ्याने शब्द तुटला असावा. तो पुरा झाला तसा मी थांबलो. पुढे चाललेल्या दगडूचं पाऊल माइनवर पडून गेलं होतं. तो जागीच गेला.

वादळ शमलं. समोर फक्त क्रॉस होता. मला हॅरी कोलने वाचवलं, असंच मी जन्मभर धरून चाललो.

दोन हजार सालानंतर मी लंडनजवळ हाउन्सलोला लेकीकडे राहायला आलो. कौन्सिलच्या हॉलमध्ये माजी सैनिकांचं चहापान असे. तिथे लेक एका वृद्ध गोऱ्या गृहस्थांना घेऊन आली. "बाबा, हे पण इजिप्तला पोस्टेड होते, सेम एअरबेस. मिस्टर हॅरी कोल."

मी सरळ त्यांच्या नावाच्या क्रॉसचं विचारलं.

"मला ताप होता," हॅरी म्हणाले. "माझा मित्र जिम माझ्या जागी विमान घेऊन उडाला आणि रनवेच्या टोकालाच पडून जळाला. क्रॉस लावणाऱ्यांना ही अदलाबदल माहीत नव्हती. लगेच आमची स्क्वाड्रन दुसऱ्या तळावर हलली, नाव तसंच राहिलं."

मी दगडूचं सांगितलं, त्या हाकेचंही.

"कशी होती हाक?"

मी तशीच मारून दाखवली. हॅरींनी कप खाली ठेवला.

"जिम अडखळत बोलायचा. 'स'वर तर हमखास."

मी रडलो. बिचाऱ्याने हाक दोघांनाही दिली होती; दगडूसाठी ती वेळेत पुरी झाली नाही.

आता सकाळचे पहिले दोन कप मी खिडकीत ठेवतो, जिमचा आणि दगडूचा. संध्याकाळी रिकामे असतात. हाउन्सलोला एवढं ऊन पडत नाही.