खारींच्या नावावर

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. संसारात लपवण्यासारखं जे असतं ते सगळं कधी ना कधी बोलून झालं – माहेरची भांडणं, डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे – पण हे नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सुरुवात खारींपासून आहे. हसू नका.

नव्वदच्या दशकात आम्ही सानपाड्याला रो-हाऊसमध्ये राहायला आलो. मागे एवढंसं अंगण, त्याला छातीएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे शैला. तिच्या अंगणात पेरूचं झाड होतं, निम्म्या फांद्या आमच्या बाजूला. त्या फांद्यांवरून खारी यायच्या. वाळत घातलेल्या कुरडया पळवायच्या, उन्हात टाकलेल्या गादीतला कापूस उपसून न्यायच्या. कपड्यांची दोरी तर इतकी कुरतडली की ह्यांचे दोन पांढरे शर्ट चिखलात पडले. आणि शैला रोज सकाळी भिंतीवर भात आणि शेंगदाणे ठेवायची. बरोबर भिंतीवर. स्वतःच्या अंगणात का नाही? मला तेव्हाच शंका आली होती. मला शंका लवकर येते, हे आधीच सांगून टाकते.

हे सरकारी नोकरीतले. नियम विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकणार नाहीत. मी उंदराचं औषध आणायला सांगितलं, तर ते वनखात्याच्या कचेरीत जाऊन चौकशी करून आले. मारायच्या नाहीत, विष घालायचं नाही, पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडायच्या म्हटलं तरी परवानगी लागेल. खायला मिळणं बंद करा, फांद्या छाटा, वायरी पाइपातून घ्या – आपोआप जातील. पण झाड शैलाचं आणि खायला घालणारीही शैलाच. मी तिला बोलले, तर ती हसली.

"वहिनी, खाऊन खाऊन किती खातील ओ? मूठभर जीव तो."

त्या हसण्यात मला टोमणा ऐकू आला. होता का? आज वाटतं, नसावा.

त्यातच आमच्याकडे फोन आला. तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. आमच्या ओळीतला तो पहिला, त्यामुळे शैलानं आमचा नंबर पीपी म्हणून आपल्या लोकांना दिला. म्हणजे तिचे फोन आमच्याकडे यायचे आणि मी भिंतीवरून तिला हाक मारायची. मला विचारूनच दिला होता. मीच "त्यात काय, द्या की" म्हटलं होतं. मग महाडजवळच्या गावाहून भावाचा फोन, रबाळ्याच्या कंपनीतून नवऱ्याचा, मधेच नणंदेचा. ती ओल्या हातांनी यायची, रिसीव्हर धरून गावच्या बोलीत भरभर बोलायची, मधेच हसायची. मला हसते का? मी स्वयंपाकघरात भांडं न वाजवता कान देऊन उभी राहायची. कधीच काही सापडलं नाही, तरी संशय गेला नाही.

एका दुपारी फोन बंद पडला. भिंतीवरून जाणारी वायर खारींनी खरोखरच कुरतडली होती. लाइनमन यायला बरेच दिवस लागले, आणि – कसं सांगू – ते दिवस मला फार सुखाचे गेले. कुणी दार वाजवलं नाही. लाइनमन नवी वायर टाकून गेला, ह्यांनी ती राखाडी पाइपातून घेतली. आता खारींचे दात तिला लागणार नव्हते.

संध्याकाळी शैलानं विचारलं, "वहिनी, झाला का ओ फोन चालू?"

"कुठला? परत कुरतडली मेल्यांनी," मी म्हटलं.

इतक्या सहज निघालं तोंडातून. मग मी फोनची घंटी बारीक केली, वर उशी ठेवली. ह्यांना म्हटलं, आवाजानं डोकं दुखतं. ह्यांचं शेजारीपाजारी बोलणं नमस्कारापुरतं, त्यामुळे बिंग फुटायची भीती नव्हती. शैलाचे वडील, आबा, गावी आजारी होते. ते मला माहीत होतं. तिनंच भिंतीशी उभं राहून सांगितलं होतं.

थोड्याच दिवसांत, दुपारची वेळ, उशीखाली फोन वाजला. शैलाचा भाऊ, एसटीडी बूथवरून. लाइनीत खरखर, मागे गाड्यांचे हॉर्न. "शैलाला बोलवा जरा," म्हणाला. मी आवाज बदलून "राँग नंबर है" म्हटलं आणि ठेवून दिला. तो परत लावणार, म्हणून रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. भिंतीपलीकडे शैला धुणं पिळत होती. बादलीत पाणी पडल्याचा आवाज मला घरात ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी गावाहून आलेला एक माणूस तिच्या दारात उभा राहिला. आबा आदल्या रात्री गेले होते. फोन आला त्याच दुपारच्या एसटीनं निघाली असती तर ती वेळेत पोचली असती. पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

दिवसकार्य करून ती परत आली आणि कोयता घेऊन अंगणात उतरली. आमच्या बाजूच्या सगळ्या फांद्या तिनं स्वतः तोडल्या. मग घाम पुसत भिंतीशी आली.

"चुकलं माझं, वहिनी. तुमी सांगत होता. मीच खायला घालून माजवल्या त्या. भाऊ दिवसभर फोन लावत होता. एकदा कोन हिंदी बाई राँग नंबर म्हनाली, मग लागलाच नाही. माज्याच खारींनी मला आबांचं तोंड बगू दिलं नाही."

बोलताना तिचा हात आमच्या पाइपावर टेकलेला होता. नवाकोरा पाइप, त्यावर दाताची एक खूण नाही. मी काय म्हटलं असेल?

"जाऊ दे गं. त्या मुक्या जिवांना काय कळतं."

म्हणजे मी तिला माफ केलं. ती माझी माफी मागत होती आणि मी केलं.

खारी गेल्या. हे ऑफिसात कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, एकही खार न मारता, कायद्याबाहेर पाऊल न टाकता काम झालं. खरंच होतं ते. आमच्या घरात कुठलाच कायदा मोडला गेला नव्हता.

पुढे शैलाकडे स्वतःचा फोन आला. पहिला तिनं मला लावला. मी "हॅलो" म्हटलं. मग "लागतो का बगत होते," म्हणाली आणि ठेवला. तिला काही कळलं होतं का? त्या पाइपाकडे तिनं कधी नीट पाहिलं होतं का? त्यानंतर ती आमच्या शेजारी राहिली तितकी वर्षं मी तिच्या प्रत्येक बोलण्यात तेच शोधत राहिले. विचारलं मात्र नाही.

एक राहिलं. वर मी लिहिलं, भाऊ फक्त "शैलाला बोलवा जरा" म्हणाला. तेही खोटं आहे. तो म्हणाला होता, "शैलाला बोलवा जरा, आबा सारखं तिचं नाव घेतायत." खरखर होती, पण मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्यानंतर मी राँग नंबर म्हटलं.