विमान कुणी बंद पाडलं

विमान बंद पडलं त्या वर्षी मला कंपनीपेक्षाही जास्त वैताग आला तो लोकांच्या एका प्रश्नाचा. भाजी घ्यायला जा, बारशाला जा, दवाखान्यात नंबर लावून बसा, कुणीतरी विचारायचंच, "काय बाई, विमान कवा चालू व्हायलंय?" जशी काही विमानाची किल्ली मी पर्समध्ये घालून फिरत होते.

मी नांदेडच्या विमानतळावर काउंटरला होते. बोर्डिंग पास देणं, सामान वजन करून घेणं, विमान उशिरा आलं की शिव्या खाणं, हे माझं काम. गणवेश एका छोट्या विमान कंपनीचा, नेमणूक मात्र तिच्या ठेकेदाराची. काही चुकलं की मी कंपनीची आणि सुट्टी मागितली की ठेकेदाराची. याच त्रासापायी काउंटरच्या मुली, सामान चढवणारे लोडर आणि सफाईवाले असे आम्ही मिळून एक लहानशी युनियन काढली होती. अध्यक्ष होते लोडरांचे मुकादम. त्यांना सगळे मामा म्हणायचे. कमी बोलणारा माणूस. सकाळी हात जोडून सगळ्यांना "जय भीम" घालायचे आणि कामाला लागायचे. चिटणीस मी, कारण मामांच्या मते मला "लई बोलता येतं".

विमान बंद पडायच्या आधीच्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली होती. हैदराबादला धुकं होतं म्हणून सकाळचं विमान आमच्याकडंच अडकून पडलं. पायलट आत आला, काउंटरमागच्या खुर्चीत बसला आणि चहा मागितला. तरणाबांड पोरगा. मी चहा दिला, प्रवाशांना उत्तरं द्यायला वळले आणि परत बघते तर हा कप हातात धरून गाढ झोपलेला. चहा मांडीवर सांडेल म्हणून मी कप हळूच काढून घेतला, तरी त्याला पत्ता नाही. जागा झाल्यावर ओशाळून म्हणाला, "सॉरी मॅडम. रोज पहाटेची ड्यूटी लावलीय. झोपच पुरी होत नाही." थोड्या वेळानं धुकं हटलं आणि तोच पोरगा भरलेलं विमान घेऊन उडून गेला. ते विमान नजरेआड होईपर्यंत मी काचेपाशी उभी होते.

पायलटांची युनियन विश्रांतीच्या तासांसाठी बरीच वर्षं भांडत होती. शेवटी दिल्लीच्या नियामक कार्यालयानं नियम कडक केला. पायलटला पुरेशी झोप मिळाल्याशिवाय विमान चालवू द्यायचं नाही. नियम सरळ होता आणि लागू व्हायच्या आधी तयारीला वेळही दिला होता. आमच्या कंपनीनं मात्र त्या वेळात नवे पायलट घेतले नाहीत. नियम लागू झाला, माणसं कमी पडली आणि कंपनीनं पहिली कुऱ्हाड घातली ती लहान गावांवर. मुंबई-दिल्ली चालू, नांदेड बंद. टीव्हीवर कंपनीचा माणूस गंभीर चेहऱ्यानं सांगत होता, नव्या नियमामुळं नाइलाज झाला. आम्हाला ठेकेदाराचा फोनवर निरोप आला, "घरी बसा, कळवतो."

आम्ही घरी बसलो नाही, तीच आमची चूक. मामा आणि मी कामगारांच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, विमानाचा विषय केंद्राचा, आमच्याकडं येत नाही. केंद्राच्या कचेरीत गेलो तर तिथं कळलं की ठेकेदार परराज्यातला आहे, तिकडं जा. नियामकांना अर्ज केला. त्यांचं सभ्य उत्तर आलं की सुरक्षेचा नियम आमचा, पण कुठल्या गावाला विमान न्यायचं हा कंपनीचा व्यवसायाचा प्रश्न. बघायला गेलं तर प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं. सगळेच बरोबर आणि काम नाही आम्हालाच, यानं माझं डोकं फिरायचंच तेवढं बाकी राहिलं होतं.

त्यात निवडणूक आली.

एकाएकी विमान हा सगळ्यांचा जिव्हाळ्याचा विषय झाला. जन्मात विमानात न बसलेली माणसंही पानटपरीवर विमानावरून भांडू लागली. विमानतळाबाहेरच्या चहाच्या हॉटेलावर आमची बैठक चालू असताना नांदेडचे एक उमेदवार आले, मामांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि "पाठिंबा जाहीर करून टाका" म्हणाले. मामा म्हणाले, "आमची मागणी ऐकून तरी घ्या." तोवर साहेब गाडीत बसलेसुद्धा होते.

मग लातूरहून अण्णाचा फोन आला. अण्णा माझा सख्खा थोरला भाऊ, लातूरच्या मार्केट यार्डात तुरीची अडत चालवतो. सकाळी कपाळाला भस्म लावून, लिंगपूजा करून बाहेर पडणारा देवमाणूस. पण निवडणूक लागली की त्याच्या अंगात येतं. लातूरला धावपट्टी आहे, रोजचं प्रवासी विमान नाही, आणि हे दुःख अण्णा मनाला लावून घेऊन बसलेला.

"तू ये इकडं," तो म्हणाला. "आमच्या उमेदवार साहेबाला भेटवतो. व्यापाऱ्यांची सभा हाय. तुमच्या लोकांचं काम करून टाकू."

"अण्णा, ते मला स्टेजवर चढवतील."

"न्हाई गं. नुसती भेट."

मामांना विचारलं. ते म्हणाले, "जाऊन या. कुणी ऐकत असेल तर सांगायला काय जातं? फक्त पाठिंब्याचं बोलू नका."

मी एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूरला गेले. सभा दुपारी एका मंगल कार्यालयात होती. पंखे गरगरत होते, व्यापारी टोप्यांनी वारा घेत होते. अण्णानं मला पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः मोबाइल वर धरून शूटिंग करायला उभा राहिला. उमेदवार बोलायला उठले. डाळ झाली, सोयाबीन झालं, मग विमानावर आले.

"नांदेडचं विमान का बंद पडलं माहीत हाय का? पायलट लोकांना झोपा काढायच्यात! युनियन करून बसलेत. अन् त्यांच्या झोपेपायी आपल्या या बहिणीची नोकरी गेली. या ताई, वर या."

लोक हसले. टाळ्या पडल्या. मी अण्णाकडं बघितलं, तर तो मोबाइलच्या आडून मान डोलवत होता. दोन कार्यकर्त्यांनी मला जवळजवळ उचलूनच वर नेलं आणि हातात माइक दिला.

"नोकरी गेली आमची, हे खरं आहे," मी म्हणाले. "पण ती पायलटांनी घालवली नाही. मी माझ्या डोळ्यांनी पायलटला खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला बघितलाय. हातात चहाचा कप होता. तोच नंतर विमान घेऊन गेला. त्या विमानात तुम्ही असता तर? रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत तुम्ही लेकरंबाळं बसवता का? नियम बरोबर आहे. कंपनीनं माणसं वाढवली नाहीत आणि खापर नियमावर फोडलं. आम्हाला काम पाहिजे, पण असल्या विमानावरचं नको."

मग मागून एकानं टाळी वाजवली आणि बघता बघता सगळे वाजवू लागले. मला वाटलं, सरळ सांगितलं तर लोकांना कळतं.

उमेदवारांनी हसत हसत माइक माझ्या हातातून घेतला. "शाब्बास! ताई अगदी बरोबर बोलल्या. दुसऱ्याच्या भरवशावर राहिलं की असं होतं. म्हणून आपल्याला लातूरचं स्वतःचं विमान पाहिजे, अन् ते मी आणणार!"

टाळ्या आधीपेक्षा दुप्पट पडल्या. त्या टाळ्या ऐकून मला खाली मांडी घालून बसावंसं वाटलं. मी पायलटांबद्दल बोलले होते, माणसांबद्दल बोलले होते, आणि त्या भल्या गृहस्थानं एका श्वासात ते सगळं स्वतःच्या खिशात घातलं.

सभा संपल्यावर साहेब मला हात जोडून म्हणाले, "तुमच्या घरची सगळी मतं आपलीच समजतो."

"माझं मत नांदेडला आहे," मी म्हणाले. "तुमच्या मतदारसंघात मी येतच नाही."

त्यांचे हात अजून जोडलेलेच होते, पण डोळे माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसाकडं गेलेसुद्धा. आमच्या कामाचा विषय तिथंच संपला.

पुढचा प्रकार दुसऱ्या दिवशी कळला. मी नांदेडला पोचेपर्यंत माझा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. त्यात मी फक्त एवढंच म्हणत होते, "नोकरी गेली आमची, हे खरं आहे." पुढचं सगळं कापलेलं. खाली अक्षरं, युनियनबाजीची शिकार झालेली बहीण. शेवटी उमेदवारांचा हसरा फोटो.

हॉटेलावर गेले तर कुणी माझ्याशी बोलेना. माझ्याच शेजारच्या काउंटरची मुलगी, जिला मी काम शिकवलं, ती म्हणाली, "ताई, तुम्ही आम्हाला विकलं." मामा चहाच्या ग्लासात बघत बसले होते.

मी तिथूनच अण्णाला फोन लावला. "तू सगळं भाषण शूट केलंस. ते पाठव."

"आता कसं पाठवू? मतदान तोंडावर आलंय. साहेबाचं नुकसान व्हईल."

"आणि माझं?"

"तुझं काय? चार दिवसांत लोक विसरून जातील."

"अण्णा, माझी माणसं मला चोर समजायलीत!"

"राजकारणात असं चालतंच गं," म्हणाला माझा देवमाणूस आणि फोन ठेवून दिला. मी पुन्हा लावला, त्यानं कापला. वैताग कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. कंपनी परकी होती, उमेदवार परका होता. हा तर मला कडेवर घेऊन फिरलेला भाऊ.

संध्याकाळी माझा मोबाइल वाजला. अण्णाच्या नंबरवरून व्हिडिओ आला होता. अख्खा. टाळ्यांसकट. पाठोपाठ वहिनीच्या नंबरवरून फोन. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आंघोळीला गेलेत. मिळालं का? मिळालं म्हण, म्हणजे इथलं पुसून टाकते."

दुसऱ्या दिवशी हॉटेलावर मी मोबाइल मधे टेबलावर ठेवला आणि व्हिडिओ लावला. सगळे गोळा झाले. कपाची गोष्ट आली तशी ती काउंटरची मुलगी खाली बघायला लागली. संपल्यावर मामा म्हणाले, "लई लांब बोललात. पण बरोबर बोललात." मग त्यांनी पोरांना सांगून तो व्हिडिओ आहे तसा सगळीकडं पाठवला. कापलेला मात्र त्याच्या आधीच गावोगाव जाऊन बसला होता. अजूनही कुणीतरी भेटतं आणि युनियननं माझी नोकरी कशी घालवली म्हणून माझीच कीव करतं.

निवडणूक झाली. कोण आलं, कोण पडलं, यानं आमच्या धावपट्टीवर काही फरक पडला नाही. विमान परत आलं ते कंपनीनं शेवटी नवे पायलट भरले म्हणून, आणि तेही रोज नाही, एक दिवसाआड. ठेकेदार मात्र बदलला होता. नवा म्हणाला, निम्मीच माणसं घेईन आणि युनियनची अध्यक्ष-चिटणीस मंडळी नकोत.

मामांनी गेटसमोर उभं राहून सांगितलं, "आलो तर सगळे. न्हाईतर कुणीच न्हाई."

ठेकेदार हसला. म्हणाला, बाहेर माणसांची काय कमी आहे? पण आत काम करायला प्रवेश पास लागतो, त्याला पोलिसांची पडताळणी लागते आणि ती एका दिवसात होत नाही. पास होते आमच्याच गळ्यात. पहिलं विमान तोंडावर आलेलं. त्यानं दोन-तीन ठिकाणी फोन फिरवले, नियमाला यथेच्छ शिव्या दिल्या आणि आम्हा सगळ्यांना आत घेतलं. मामांनी तेवढ्यात कामाचे दिवस सगळ्यांना सारखे वाटून द्यायचं त्याच्याकडून लिहून घेतलं. नव्या गणवेशाच्या बाह्या मला कोपराच्या वरच अडकतात. बदलून द्या म्हणून सांगून थकले.

अण्णाशी अबोला दिवाळीपर्यंत टिकला. भाऊबीजेला मी गेले. बाहेरच्या खोलीत तो दोन व्यापाऱ्यांना घेऊन बसला होता आणि विरोधी पक्षवाल्यांनी आपला मोबाइल हॅक करून सभेचा व्हिडिओ कसा पळवला, हे रंगवून सांगत होता. कॉम्प्युटरवाल्याला दाखवला, पासवर्ड बदलला, काही म्हणून उपयोग नाही. "लई मोठी यंत्रणा हाय त्यांची," तो म्हणाला.

वहिनी ताटलीत चुरमुऱ्यांची सुशीला वाढत होती. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "अजून थोडी घालू का?"