पोतंभर करवंट्या
खोबरं खवून झालं की रिकाम्या करवंटीचा वास येतो आणि मला जयनगरच्या घरातली फायरप्लेस आठवते. त्या हिवाळ्यात आईचा दमा बळावला होता आणि तिला सारखी थंडी वाजायची. हीटरने तिचा घसा सुकायचा, म्हणून अण्णा, माझे वडील, रोज वेगळं लाकूड आणून जाळून बघायचे. सिल्व्हर ओकने ती खोकली, चिंचेने त्याहून जास्त. शेवटी त्यांनी कुठून तरी कॉफीच्या झाडांची वाळलेली खोडं मिळवली. ती संथ जळायची, धूर जवळजवळ नाहीच. अण्णा खूश झाले. आई मात्र म्हणाली, "याला कसलाच वास नाही हो. एखादी करवंटी टाका ना, स्वल्प वास येऊ दे. माहेरी न्हाणीच्या चुलीत करवंट्याच जळायच्या." अण्णा खेकसले, "आणि धूर कोण सोसणार? आधी बरी हो, मग पोतंभर जाळतो." ती भिंतीकडे वळली. बरी ती झालीच नाही. तेराव्याला पाहुणे गेल्यावर अण्णांनी त्या दिवशीच्या स्वयंपाकात फुटलेल्या सगळ्या नारळांच्या करवंट्या गोळा केल्या, फायरप्लेसमध्ये रचल्या आणि पेटवल्या. काळा, तेलकट धूर खोलीभर पसरला. आम्ही सगळे खोकत होतो, पण खिडकी उघडायला कुणीच उठलं नाही. आता महादेवपुऱ्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये काही पेटवायला जागाच नाही, तरी सिंकखाली पोतंभर करवंट्या साठल्या आहेत.