पलंगाचं हँडल

क्लबात त्यांना सगळे पानाकाका म्हणत. हातात नाहीतर खिशात पाना नाही, असं त्यांना कुणी कधी पाहिलंच नव्हतं. लग्नाच्या जेवणालाही त्यांच्या कोटाचा एक खिसा जडच लोंबायचा, आणि काकू म्हणायच्या, "नवरदेवाचे स्क्रू आवळायला आणलाय हो, दुसरं काही नाही."

सायकली दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. गुडघे बोलायला लागले तसं दुकान दुसऱ्याला दिलं, आणि रिकामा माणूस घरात नुसता पायात येतो म्हणून काकूंनीच त्यांना सेवा क्लबाच्या दारात नेऊन सोडलं. क्लब म्हणजे बँकेच्या वरच्या मजल्यावरची एक खोली, भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्या, एक पितळी घंटा आणि दर गुरुवारी चहाच्या निमित्तानं जमणारी मंडळी. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. बोलघेवडा माणूस, दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून आपणच बोलायची सवय.

क्लबाचं मुख्य काम पलंगांचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी डोक्याकडून वर उचलता येणारा लोखंडी पलंग घरी नेऊन द्यायचा आणि गरज संपली की परत आणायचा. गरज संपली, हे शब्द क्लबात सगळे जरा खालच्या आवाजात म्हणायचे. पलंग परत येतो तो दोनच कारणांनी, आणि त्यातलं बरं कारण क्वचितच घडतं. त्यामुळे पलंग पोचवायला सगळे तयार, आणायला जायचं म्हटलं की एकेकाला कामं आठवायची. ते काम आपोआप पानाकाकांकडे आलं.

त्यांची त्यात एक रीत होती. गेल्या गेल्या पलंगाला हात लावायचा नाही. आधी बसायचं, चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तरी बसायचं. मग पिशवीतून तोंड लहानमोठं करता येणारा एक जुना, हलका स्क्रू पाना काढायचा, ज्याच्या मुठीला त्यांनी सायकलची लाल ट्यूब गुंडाळली होती, आणि घरातल्या कुणाच्या तरी हातात द्यायचा. "पहिला बोल्ट तुमचा. बाकीचे माझे." बोल्ट त्यांनी आधीच अलगद सैल केलेला असायचा, लहान मुलाच्या हातानंही फिरावा असा. कुणी लगेच फिरवी, कुणी पाना हातात घेऊन तासभर बसून राही. पानाकाका घाई करत नसत. तो एक बोल्ट फिरला की घरातली माणसं उठून खिडक्या उघडतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

दुसरी गोष्ट हँडलांची. पलंगाच्या पायथ्याशी हँडल असतं, ते फिरवलं की डोक्याची बाजू वर येते. घरोघरची नातवंडं ते गरागरा फिरवून आजोबांना झोपाळ्यासारखं वरखाली करायची. म्हणून पानाकाकांनी क्लबाच्या सगळ्या पलंगांची हँडलं काढता-घालता येतील अशी करून घेतली. काम झालं की हँडल काढायचं आणि उंच खिळ्याला टांगायचं. क्लबात त्यांचं फार कौतुक झालं.

मग तसला एक पलंग त्यांच्याच घरी आला.

काकू आठ-नऊ महिने त्यावर होत्या. खोली लहान, पलंग मोठा. कपाटाचं एक दार पूर्ण उघडेना. रोज संध्याकाळी बातम्या लागल्या की काकू म्हणायच्या, "अहो, उचला मला, जग बघू दे." पानाकाका हँडल घालायचे आणि सावकाश फिरवायचे. सातव्या-आठव्या फेऱ्याला पलंग करकरायचा. "तेल घाला त्याला," काकू म्हणायच्या. "जगाच्या सायकलींना घातलंत, बायकोच्या पलंगाला नाही." ते उद्या घालतो म्हणायचे.

एका सकाळी काकूंनी प्यायला पाणी मागितलं. ते घेऊन येईपर्यंत त्या गेल्या होत्या. पानाकाकांनी पेला स्टुलावर ठेवला, त्यावर झाकण ठेवलं, आणि औषधांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलीला हाक मारली. आईच्या आजारपणापासून ती इथेच राहायला आली होती.

लोक आले, गेले. पानाकाकांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दुःख झालं नाही असंही नाही. दात काढताना भूल देतात आणि डॉक्टर विचारतात, दुखतंय का? आपण नाही म्हणतो. काहीतरी ओढलं जातंय एवढं कळत असतं, तसं होतं. ते जेवत, दाढी करत, गुरुवारी क्लबात जात. संध्याकाळी बातम्या लागल्या की हँडल घालून रिकामा पलंग वर करत आणि संपल्या की खाली करून हँडल कोटाच्या खिशात टाकत. खिळ्यापर्यंत हात कशाला वर करायचा, असं वाटायचं. मुलगी स्वयंपाकघरातून हे बघायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, कोणाला उचलताय?"

"सवय," ते म्हणाले.

अशात गणिताच्या मास्तरांच्या आईचं कमरेचं हाड मोडलं. मास्तर क्लबाचे सभासद नव्हते, पण गल्लीतलेच. त्यांच्या घरी जमिनीवर गादी टाकून आईला ठेवलेलं, आणि घास भरवायला रोज दोघांनी धरून बसवायचं. क्लबाचे बाकी सगळे पलंग बाहेर होते. मास्तर पानाकाकांना फोन करत आणि पानाकाका म्हणत, "एकही मोकळा नाही हो." असं ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ते त्याच रिकाम्या पलंगाच्या कडेला बसले होते. ते नुसतं "उद्या आणतो" म्हणाले.

उद्याच का, तर परवा त्यांना परदेशी जायचं होतं. समुद्रापलीकडच्या एका क्लबाला असाच पलंगांचा साठा सुरू करायचा होता. तिथला एक नळ दुरुस्त करणारा माणूस दोन वर्षांपूर्वी इथली कामं बघायला येऊन त्यांच्याच घरी राहिला होता. त्याला आपली भाषा येईना आणि काकूंना त्याची. काकू त्याला खुशाल मराठीत "घे रे, लाजू नकोस" म्हणायच्या आणि तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणून घ्यायचा. जाताना न सांगता न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त करून गेला. "पाहुणा असावा तर असा," काकू म्हणाल्या. त्या नळवाल्यानंच बोलावलं होतं, दोघांनाही. तिकिटं निघाली, मग काकू आजारी पडल्या आणि जाणं पुढे ढकललं होतं. आता एकाचंच तिकीट होतं. डॉक्टरांनी विचारलं, "जमेल ना?" पानाकाका म्हणाले, "न जमायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पलंग खोलायला घेतला. मुलगी दारात उभी राहिली. "बाबा, तो लाल मुठीचा पाना कुठंय? पहिला बोल्ट—"

"टेंपो खाली थांबलाय," ते म्हणाले, आणि मोठ्या पान्यानं सगळे बोल्ट एका दमात काढले. जणू कुण्या परक्याच्या घरचा पलंग. परक्याच्या घरी तर ते बसले असते. कपाटाचं दार आता पूर्ण उघडत होतं. ते मुलीनं उघडून पाहिलं आणि मिटलं.

मास्तरांकडे पलंग जोडला, आजींना उचलून त्यावर ठेवलं. मऊ गादी पाठीला लागली तशा त्या लगेच झोपी गेल्या. एरवी पानाकाका हँडल फिरवून दाखवल्याशिवाय निघत नसत. मास्तर म्हणाले, "झोपू दे तिला, बघतो आम्ही मग." पानाकाकांना हायसं वाटलं. ते घरी आले, कोट बॅगेत भरला, आणि पहाटे निघाले.

परदेशातली ती जागा म्हणजे जुनं गोदाम होतं. सकाळी पाच-सहा माणसं ओळीनं उभी होती: नळवाला, एक शिंपीण, बाकीचे पोरसवदा. पानाकाकांनी हातवारे करून पलंग कसा जोडायचा ते दाखवायला सुरुवात केली. थंडी होती म्हणून कोट घातला, खिशात हात गेला आणि हाताला हँडल लागलं.

त्यांनी ते बाहेर काढून पाहिलं. त्यांची बोटं पडायची तिथं मुठीचा रंग उडालेला. नळवाल्यानं ते कौतुकानं हातात घेतलं. त्याला वाटलं, नमुना आणलाय.

तेवढ्यात फोन वाजला. घरी संध्याकाळ होती.

"बाबा, मी मास्तरांकडून बोलतेय. हँडल कुठं ठेवलंत? आजी परवापासून आडव्याच जेवतायत, या उंच पलंगावर धरून बसवता येत नाही, घास अडकतो, ठसका लागतो. आज तर तोंड मिटूनच घेतलंय. दुसऱ्या पलंगाचं हँडल बसत नाही. डॉक्टरकाकांनी पकडीनं पिळून पाहिलं."

मागून डॉक्टरांचा आवाज आला. "सांग त्यांना, मी दाढा हलवल्यात, पण हा दात काही हलत नाही."

"त्यांना हात लावू देऊ नकोस," पानाकाका म्हणाले. "टोक झिजेल." मग थांबून, "हँडल माझ्या खिशात आहे."

मग मुलगी म्हणाली, "बरं. मग काय करू?"

तिनं रागावायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. "घरी जा. माझ्या पेटीशेजारी खिळ्याला तो लाल मुठीचा पाना आहे. हँडल बसतं तिथं पलंगाच्या पायथ्याशी चौकोनी टोक आहे, त्यावर तो घट्ट आवळ. मग फिरव."

"मी?"

"तूच."

ती जाऊन येईपर्यंत फोन आजींच्या उशाशी चालू राहिला. पानाकाका कानाला लावून उभे होते. समोरची माणसं काही न कळता थांबली होती. आजी पुटपुटत होत्या, मास्तर "आलीच हं" म्हणत होते. कुणीतरी टीव्ही लावला. बातम्यांचं संगीत सुरू झालं.

"आले," मुलगी म्हणाली. "लावला पाना. कुठल्या बाजूला?"

"तुझ्या उजव्या हाताला. सावकाश. आधी आजींना सांग, पोटावर हात ठेवा. नाहीतर भीती वाटते, पडतोय असं वाटतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुझी आई म्हणायची."

एक फेरा, दुसरा. मुलीचा श्वास ऐकू येत होता. "जड जातंय, बाबा."

"जड नाही ते. थांब. आता परत."

सातव्या फेऱ्याला पलंग करकरला. फोनमधून तो आवाज बारीक आला, पण तोच होता. पानाकाकांनी नळवाल्याच्या हातातून हँडल काढून घेतलं आणि घट्ट धरलं. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं.

"बसल्या आजी," मुलगी म्हणाली. "पाणी मागतायत. बाबा, हा किती करकरतो हो. ऐकलंत?"

"ऐकलं."

"आई रोज ओरडायची."

"हो," ते म्हणाले. "तेल घाल त्याला. पेटीच्या खालच्या कप्प्यात बाटली आहे. आजच घाल."

फोन ठेवून ते वळले. माणसं अजून ओळीनंच उभी होती. समोर अर्धा जोडलेला पलंग. पानाकाका त्याच्या कडेला बसले आणि पुढचं दाखवायला उठलेच नाहीत. थोड्या वेळानं नळवाल्यानं कुठूनतरी पेल्यात पाणी आणलं, त्यांच्या हातात दिलं, आणि त्याच्या भाषेत दोन शब्द बोलला. घे, लाजू नकोस, असंच काहीसं असावं. पानाकाकांनी पेला हातात घेतला. झाकण ठेवलं नाही, प्यायले.