निरोगी माणसांची सरासरी

'नॉर्मल' हा शब्द कुणी डॉक्टरी तोऱ्यात उच्चारला की आजही माझ्या डोक्यात सणक जाते. घरातले म्हणतात, आता वय झालं, सोडून दे. का सोडू? ज्यांच्यावर राग आहे त्यांनी तो उतरावा असं काही कधी केलेलं नाही.

भोपाळच्या वायुकांडानंतरची एक-दोन वर्षं. आम्ही ऐरोलीच्या नव्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. दोन खोल्या, समोर भरावाची माती, मागे खाडी, आणि वारा फिरला की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा वास थेट ताटात. त्याच रस्त्यावर एका रंगाच्या कारखान्यात माझे वडील कामाला होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. रत्नागिरीकडच्या बौद्धवाडीतून आलेला माणूस, स्वतः जेमतेम चौथी शिकलेला. मी बी.एस्सी. होईपर्यंत त्यांनी अंगावर धड नवा सदरा चढवला नाही. रंगाने त्यांची नखं कायमची पिवळी झाली होती. आई चिडवायची, "लग्नाला इतकी वर्सं झाली तरी नवऱ्याची हळद काय उतरत नाय."

पण आप्पांचं खातं नुसतं रंगाचं नव्हतं. पिंपांत ॲसिड ओतायचं, वाफ उठायची, आणि तोंडाला बांधायला ओला पंचा. जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबून खाडीकडे बघत उभे राहू लागले. खाडीत बघण्यासारखं काय होतं? चिखल. त्यांना दम लागायचा आणि तो आम्हाला कळू द्यायचा नव्हता. शेवटी आईने धोशा लावला तेव्हा त्यांनी गोडाऊनमध्ये बदली मागितली. कंपनीचा साहेब म्हणाला, छाती खराब आहे असं लिहून आण, मग बघू. बघू म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं, तरी आमचा जीव त्या कागदात अडकला.

आणि असा कागद देणाऱ्या जागीच मी नोकरीला होते. एका वैद्यकीय संस्थेने वाशीत जागा घेऊन कामगारांच्या श्वासावर संशोधन सुरू केलं होतं. एक पिंपासारखं यंत्र, त्याला जाड नळी. माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायला सांगायचं आणि मग नळीत सगळा जीव ओतून फुंकायला लावायचं. माझा आवाज खणखणीत, म्हणून ओरडायचं काम माझं. फुंका, फुंका, अजून, सोडू नका, अजून! आसपासच्या गावांतून कारखान्यांत कामाला येणाऱ्या बायका डोक्यावरचा पदर सावरत हसायच्या. "आनखी किती फुकू गो बाय, परान जातंय," एक म्हातारी म्हणाली होती. नंतर ते आकडे मी कॉम्प्युटरमध्ये भरायची.

तो कॉम्प्युटर आला तेव्हाचा सोहळा बघायला हवा होता. परदेशात शिकून आलेल्या आमच्या मोठ्या डॉक्टरांनी नारळ फोडला, पडद्याच्या काचेला कुंकू लावलं, कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं. त्याच्या खोलीत एसी, दाराबाहेर चपला काढायच्या. ज्यांची छाती तपासायची ती माणसं बाहेरच्या खोलीत घामाने निथळत बाकावर बसलेली, तिथे पंखासुद्धा नाही. मी पंखा मागितला तर वाऱ्याने कागद उडतील म्हणाले.

आता मुद्द्याचं. माणसाचा श्वास कमी की पुरेसा हे ठरवायला तुलना लागते. इतक्या वयाच्या, इतक्या उंचीच्या निरोगी माणसाचा श्वास किती, याचा तक्ता लागतो. पुस्तकातला तक्ता गोऱ्यांचा. तो लावला की आमचे अर्धेअधिक कामगार आजारी निघायचे. डॉक्टर म्हणाले, आपल्या लोकांची फुप्फुसं मुळातच लहान, आपण आपला स्वतःचा तक्ता करू, कॉम्प्युटर सरासरी काढून देईल. ऐकायला किती छान! आपल्या माणसांचा, आपला तक्ता. मलाही तेव्हा ते पटलं होतं.

पण त्यासाठी निरोगी माणसं आणली कुठून? त्याच रस्त्यावरून. कारखान्यांच्या कँटीनमध्ये टेबल मांडायचं आणि एकेकाला विचारायचं, खोकला आहे का, दम लागतो का? शेजारच्या टेबलावर सुपरवायझर चहा पीत बसलेला. कोण हो म्हणेल? हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर. एका गड्याला तर 'नाही' म्हणता म्हणताच खोकल्याची उबळ आली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो खोकला. डॉक्टर म्हणाले, "तो नाही म्हणतोय ना, मग पुढे चला." कामावर उभा आहे तो निरोगी, एवढीच त्यांची कसोटी. ज्यांची छाती खरोखर गेली होती ते केव्हाच बोचकं बांधून गावी परतले होते. त्यांच्या तोंडात नळी द्यायला कोण जाणार?

मी गप्प बसले नाही. म्हटलं, "सर, हे सगळे एकाच धुरातले लोक आहेत. यांची सरासरी काढून तिच्याशी यांनाच ताडून बघणार? कारखाने नाहीत अशा गावात जाऊन तक्ता करू या ना. माझे वडील याच रस्त्यावर आहेत, मला घरात दिसतंय."

त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी मायेने म्हणाले, "हे बघ, कॉम्प्युटरला बाप नसतो. तुला आहे. म्हणून तुला असं वाटतं."

बाकीचे हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण पगारावर धाकट्यांची शाळा होती. मी खुर्चीवर जाऊन बसले आणि आकडे भरू लागले.

तक्ता तयार झाला आणि त्यानंतर आप्पा तपासणीला आले. डोक्याला तेल, इस्त्रीचा सदरा. त्यांना एसीच्या खोलीत जायचं नव्हतं, तरी दारात चपला जोडून ठेवल्या आणि काचेतून आत बघत राहिले. "ह्यो तू चालवतंस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. कारखान्यात सगळ्यांना सांगायला मिळणार म्हणून त्यांचा चेहरा फुलला होता.

डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो का? आप्पा म्हणाले, "लागतो जी, जिना चडताना." डॉक्टर म्हणाले, "वयोमानाने लागायचाच," आणि पुढे सरकले. नाही असंच धरलं त्यांनी. मग मी आप्पांच्या नाकाला चिमटा लावला. ज्या बापापुढे कधी आवाज चढवला नाही त्याच्यावर ओरडले, फुंका आप्पा, अजून, अजून! मानेच्या शिरा टरारून आल्या, डोळे बाहेर यायला झाले. नळी सोडली आणि ते गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिले. प्रिंटरने करकर करत कागद ओकला. नॉर्मल.

मी गोऱ्यांचा तक्ता उघडून डॉक्टरांपुढे धरला. त्या हिशोबाने आप्पांचा श्वास सरळ सरळ कमी होता. ते म्हणाले, "तो आपल्या लोकांसाठी नाही." आणि खाली सही ठोकली.

कंपनीच्या साहेबाला तर आयतंच मिळालं. संस्थेचा कागद आहे, कॉम्प्युटरने काढलेला आहे, तू ठणठणीत आहेस, जा कामाला. मी घरी आदळआपट केली. म्हटलं, आप्पा, युनियनकडे जा, दुसऱ्या डॉक्टरकडे चला, तो तक्ताच खोटा आहे. आप्पा शांतपणे जेवत होते.

"तू चालवतंस ना त्ये यंत्र? मग त्ये खोटं कसं बोलंल? माज्याच मनाचं कायतरी असंल."

त्यांनी बदलीचं नाव टाकलं ते टाकलंच. शेजाऱ्यांना अभिमानाने सांगायचे, कॉम्पुटरनं पास केलंय मला. माझ्या शिक्षणावर त्यांचा इतका विश्वास होता की स्वतःच्या छातीवर ठेवायला उरला नाही. खोकला आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचे. मला तेव्हा त्यांचाही राग आला होता, भयंकर आला होता. मी ओरडायचे, आई मला गप्प करायची.

जिना अजिबात चढवेना तेव्हा कंपनीने त्यांना घरी बसवलं. तिथून फार दिवस काढले नाहीत. खाटेवर बसून, पुढे वाकून, उशीला कवटाळून श्वास घ्यायचे, आणि माझ्या मनात सारखं ओरडणं चालू, घ्या आप्पा, अजून घ्या. एका सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा संपलं होतं.

कंपनीचा साहेब भेटायला आला. हार घेऊन आला होता. म्हणाला, "पण रिपोर्ट तर नॉर्मल होता ना?" मी तो हार त्याच्या हातात परत कोंबला आणि त्याला जिन्याची वाट दाखवली. भावकीतले लोक बघत राहिले, बघोत.

पुण्यानुमोदन झाल्यावर मी वाशीला गेले. राजीनामा द्यायचा होताच, पण आणखी एक काम होतं. डॉक्टरांनी सोय अशी करून ठेवली होती की एकदा नॉर्मल ठरलेला, कामावर असलेला माणूस आपोआप निरोगी माणसांच्या गटात जमा व्हायचा. त्याचा श्वास सरासरीत मिसळायचा. म्हणजे आप्पाही त्यात होते. त्यांच्या मोडक्या श्वासाने सरासरी जरा आणखी खाली आली होती, आणि पुढचा धापा टाकणारा माणूस त्या सरासरीत बसणार होता. तोपर्यंत तो तक्ता बाहेर गाजायलाही लागला होता. आणखी कुठे कुठे वापरायला मागत होते म्हणे.

मी चपला न काढता एसीच्या खोलीत शिरले. डॉक्टर दचकून उठले.

"माझ्या वडिलांना त्यातून काढा," मी म्हटलं. "ते गेले. छातीने गेले. निरोगी नव्हते."

"मला वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि खरंच वाटत असावं. "पण असं मधूनच कुणाला काढता येत नाही. आणि एक माणूस काढला तर सरासरीला असा काय फरक पडणार आहे?"

"फरक पडत नाही ना? मग काढा!"

त्यांच्या तोंडावर मी ओरडत होते त्याच आवाजात, ज्या आवाजात मी आप्पांना फुंकायला लावलं होतं. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. काढा, काढा, आत्ता काढा.

त्यांनी काढलं नाही. माझे आप्पा अजून त्या निरोगी माणसांतच आहेत.