बीनकाकांचे रांजण

वाजवता वाजवता मध्येच थांबून मागच्या माणसाला "पोचला का?" असं विचारणारा वादक मी आयुष्यात एकच पाहिला. रविवारी दुपारी बैठक भरलेली असायची, पानाचं तबक फिरत असायचं, राग नुकता कुठे जमायला लागलेला असायचा, आणि बीनकाका सगळ्यांत खालच्या तारेवर एक सूर सोडून हात आखडता घ्यायचे. मान उंच करून दाराकडे बघायचे. "पोचला का रे?" दाराशी मी असायचो. हो म्हटलं की पुढे, नाही म्हटलं की तोच सूर पुन्हा. समोरच्या मंडळींचा रसभंग झाला तर झाला. कुणी घाईने वाहवा केली तर त्याच्याकडे बघून म्हणत, "तुम्ही मांडीला मांडी लावून बसलाय. तुमचं काय कौतुक?"

फणसवाडीत आतल्या बाजूला एक बैठी कौलारू चाळ होती, तिच्या टोकाच्या बिऱ्हाडात काका राहत. दिवसा एका पेढीवर कारकुनी आणि घरी बीन, म्हणजे रुद्रवीणा. हे वाद्य आता फारसं दिसत नाही म्हणून सांगतो. लांब दांडी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक भला मोठा भोपळा. एक डाव्या खांद्यावर घ्यायचा, दुसरा उजव्या मांडीपाशी टेकायचा. बोजा एवढा, पण आवाज असा नाजूक की शेजारी कुणी सुपारी कातरली तर सूर गेलाच. त्यातही सगळ्यांत खालची तार, खर्जाची, ती तर दुसऱ्या ओळीतल्या माणसालाही नीट ऐकू येत नसे.

मी शीवच्या कोळीवाड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीपेन्सिल हातात धरली नव्हती. मी कॉलेजात गेलो आणि बी.ए. झालो, हे मी अजूनही छाती काढून सांगतो. शिकत असताना फणसवाडीत आतेभावाच्या खोलीवर राहायचो. काकांच्या बैठकीला मी उंबऱ्याशी बसे. तिथे बस असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आत ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. काकांनी पहिल्याच रविवारी त्या जागेचा हुद्दा करून टाकला. म्हणाले, "तू आमचा दाराचा माणूस. तुझ्यापर्यंत आला तर सूर आला. आणि हे बघ बीए, भिडेखातर हो म्हणायचं नाही." परीक्षेच्या कितीतरी आधीपासून ते मला बीएच म्हणत. पास झालो तेव्हा म्हणाले, "चला, माझी लाज राखलीस."

माझ्या उंबऱ्याला लागूनच स्वयंपाकघराचं दार होतं. त्या दाराआड काकू बसत. बायकांनी बैठकीत येऊन बसायची रीत नव्हती. लग्न झाल्यावर नव्यानव्यात काकू आतून दाराची कडी हलकेच वाजवत. सूर पोचला, याची ती खूण. मग एका पावसाळ्यात त्यांना ताप आला, आणि उतरला तो दोन्ही कान घेऊन उतरला. कडी वाजायची बंद झाली. मी जायला लागलो तोवर या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. तरी मी हो म्हटल्यावर काका लगेच पुढे वाजवत नसत, क्षणभर थांबत. ते कशासाठी थांबतात हे मला शेजारच्या बापूसाहेबांनी सांगितलं, आणि त्यानंतर त्या क्षणभरात मला वर बघवेना.

काकूंना रस्त्याने जाणारी मालाची गाडी तेवढी कळे, तीही कानाने नव्हे, पायांनी. "गाडी गेली वाटतं," असं त्या पाटावर बसल्या बसल्या म्हणत. एवढ्यावरून काकांनी मनात घेतलं की गाडी पोचते तर खर्जही पोचेल, तो मोठा मात्र करायला हवा. मी एकदा सरळच म्हटलं, "काका, काकूंना भोपळ्यावर हात ठेवू द्या की. हाताला कळेल." काकांनी उपरण्याने भोपळा पुसला. मग म्हणाले, "गुरूला शब्द दिलाय, बीनेला दुसरा हात लागू द्यायचा नाही. आणि हात ठेवला की भोपळा मुका होतो रे. मग तुम्ही सगळे काय माझं तोंड बघणार?" बीनेला हात लावायची मुभा मला नव्हती तशी काकूंनाही नव्हती. त्या बाबतीत काकांनी भेदभाव केला नाही, एवढं खरं.

मग सुरू झाले प्रयोग. आधी न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ आलं. ते पालथं घालून भोपळा त्यावर टेकवला, तर एकाच सुरावर घंगाळ असं खणाणलं की बापूसाहेब म्हणाले, "आरती कधी आहे?" पुढच्या खेपेला पत्र्याचा एक मोठा कर्णा करून आणला. त्यातून आवाज मोठा निघाला, पण पडसं झालेल्या माणसासारखा. बापूसाहेबांनी नुकतीच नवी पेटी घेतली होती आणि ती ते भाता हाणून हाणून वाजवत. ते म्हणाले, "अहो, पेटी घ्या. पलीकडच्या वाडीत ऐकू जाईल."

"पलीकडच्या वाडीत कोण बसलंय माझं?" काका म्हणाले.

लाकडाचं पिंप चांगलं घुमतं हे कळल्यावर तो भार मी उचलला. आमच्या घरी खारवलेल्या मासळीचं एक जुनं पिंप होतं. आई म्हणाली, "बामनाला म्हावऱ्याचा पिप? ध्यान हाय का तुजा ठिकानावर?" तरी तिने ते राख लावून घासलं, खाडीवर नेऊन धुतलं, वाळवलं. आवाज खरंच सुरेख आला. पण भर दुपारी खोली तापली आणि पिंपाने आपलं मूळ सांगितलं. मंडळी एकेक करून तोंडाला उपरणं लावू लागली. काका डोळे मिटून वाजवत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "नाद उत्तम आहे, पण बिऱ्हाड सोडावं लागेल." पिंप शीवला परत गेलं. आई म्हणाली, "बोललू व्हतू ना."

रांजणांची गोष्ट काकांना एका नाटक कंपनीत पडदे ओढणाऱ्याने सांगितली. रंगभूमीच्या फळ्यांखाली रिकामे रांजण पुरतात, त्याने आवाजाला भर येते, असं तो म्हणाला. खरं खोटं देव जाणे. पण काका कुंभारवाड्यातून बोटाच्या टिचकीने वाजवून वाजवून मोठे रांजण निवडून घेऊन आले. काकांनी आणि मी मिळून बैठकीची मातीची जमीन खणली, रांजण गळ्यापर्यंत पुरले, तोंडांवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर सतरंजी. काकूंनी भोवतालची माती चोपून पुन्हा सारवली. हे सगळं कशासाठी चाललंय ते त्यांना माहीत होतं. तरी त्या त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. फार मोठी आशा असली की माणसं अशीच वागतात.

त्या रविवारी काका फळ्यांवर बसले. खर्ज सोडला, हात आखडता घेतला. माझ्या मांडीखालचा उंबरा हलल्यासारखा मला वाटला. "पोचला का रे?" मी हो म्हटलं. काका थांबले, नेहमीप्रमाणे. आणि आत कडी वाजली.

पुढचं वाजवणं काही बरं झालं नाही, काकांची बोटं जागेवर पडत नव्हती. बापूसाहेबांनी त्या दिवशी पेटीचा विषय काढला नाही, पुढेही कधी काढला नाही. त्यानंतर वर्षभर दर रविवारी कडी वाजत असे. त्या खोलीसारखी खोली मी पुन्हा पाहिली नाही.

मग शहरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. वाडीतली माणसं गावाकडे पळाली, उरलेल्यांच्या दारांवर खुणा झाल्या. तपासणीची टोळी गल्लोगल्ली हिंडू लागली. जमीन ओली तर खणा, खोली अंधारी तर कौलं काढा, वर चुना मारा. त्या चाळीमागे मेलेले उंदीर सापडले आणि गोऱ्या साहेबासकट टोळी काकांच्या दारात उभी राहिली. शिपायाने सतरंजी उचलली, पहारीने फळी उचकटली, आणि खाली पोकळी बघून ओरडला. बाहेर लगेच कुजबुज सुरू, कारकुनाच्या घरात पुरलेलं धन निघालं म्हणून.

काकांनी माझा दंड धरला. "बीए, तू सांग साहेबाला. इतकं शिकलास ते आजच्यासाठीच समज."

मी पुढे झालो. गोऱ्या साहेबाशी मी आयुष्यात प्रथमच बोलत होतो, पण अडखळलो नाही. हे रांजण रिकामे आहेत, ते एका वाद्यासाठी पुरले आहेत, आत एक बहिरी बाई आहे आणि तिला याखेरीज काही ऐकू येत नाही, असं सगळं मी शुद्ध इंग्रजीत सांगितलं. साहेब वाईट असता तर बरं झालं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. खाली वाकून छडीने रांजणावर ठोकलं, कान देऊन तो घुमारा ऐकला, मानही हलवली. मग मला म्हणाला, "इंग्रजी छान बोलता तुम्ही. कुठे शिकलात?" आणि शिपायाला फळी आणखी उचलायला सांगितली. रांजणाच्या कडेने उंदरांनी बीळ केलं होतं. ते मलाही दिसलं. साहेब म्हणाला, "मला वाईट वाटतं."

पहिला रांजण फुटला तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. आवाज त्यांना ऐकू आला नसणार, पण पायांना कळला. त्यांनी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. मी कुठे बघायचं ते मला समजेना. संध्याकाळपर्यंत जमीन उकरून माती बाहेर गेली, तिथे खडी आणि चुना आला. वरची कौलं काढली त्या भगदाडातून ऊन खाली येत होतं. बापूसाहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वाक्यं मात्र चांगली केलीस हो." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो, ती आमची शेवटची भेट. दुसऱ्या दिवशी काका-काकू बोटीने कोकणात गावी जायचे होते, गेले, आणि पुन्हा मुंबईला आले नाहीत. बैठकीला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. खोली चुन्याने पांढरीफटक झाली होती. मी सवयीने उंबऱ्याशी बसलो. काका म्हणाले, "आज तरी आत ये रे." मी म्हटलं, "मग दाराशी कोण?" ते हसले आणि बीन खांद्याला लावली.

खर्ज सोडला. "पोचला का?"

"नाही, काका."

ते कडीसाठी थांबले. पुन्हा तोच सूर, जरा जोर लावून. खडीच्या जमिनीवर तो जागच्या जागी पडला. पुन्हा थांबले. आणखी एकदा. मग स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि पदराला हात पुसत काकू बाहेर आल्या. बैठकीच्या जागेत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या काकांच्या उजव्या हाताशी येऊन बसल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. काकांनी बराच वेळ बीनेकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, गुरूला काही म्हणाले असतील. मग त्यांनी स्वतः काकूंचा तळवा धरला आणि भोपळ्यावर ठेवला.

वाजवायला लागले. उंबऱ्यापर्यंत येत होती ती फक्त तारेवर नखी घासल्याची खरखर. सूर असा काही येत नव्हता. काकूंचे डोळे मिटलेले होते, आणि कडीला हात घालावा तशी त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर हलत होती.

काकांनी हात आखडता घेतला, मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"पोचला का रे?"

"नाही, काका."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढे वाजवू लागले.